लांब मानेचे महाकाय : किती हाडे, किती नावे

गेल्या अंकात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेल्या डायनोसॉरविषयी एक छोटी चौकट छापली होती. तिच्यातील 'या प्राण्याचे नाव पुढे बदलण्यात आले' हे वाक्य अनेक वाचकांना इतके खटकले, की आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्याच एका मुद्द्यावर आहेत. उरलेल्या पत्रांत अंड्यांपासून गवतापर्यंत सर्व काही आहे. पत्रांतील पाल्हाळ कमी केला आहे; प्रश्न मात्र वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

प्रश्न : चौकटीत म्हटले आहे, की डोंगरगावचा प्राणी आधी टायटॅनोसॉरस होता आणि नंतर आयसीसॉरस झाला. प्राणी तोच, हाडे तीच, मग नाव कसे बदलते? आधीच्या शास्त्रज्ञांची चूक झाली होती असे समजायचे का? (एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : डोंगरगावच्या हाडांची गोष्ट सांगण्यासाठी आधी जबलपूरला जावे लागते. १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला, म्हणजे ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच स्लीमनला, जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर काही अश्मीभूत मणके मिळाले. आशियात सापडलेली डायनोसॉरची ही पहिली हाडे. पण ती कोणाची हे सांगायला 'डायनोसॉर' हा शब्दच तेव्हा नव्हता, तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडवला. मणके हस्ते-परहस्ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोचले (ब्राह्मी लिपी उलगडणारे ते हेच) आणि पुढे बराच काळ पडून राहिले. १८७७ साली रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीचे दोन अपुरे मणके आणि मांडीचे एक सुटे हाड एवढ्या भांडवलावर 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. त्याच वर्षी अमेरिकेत ऑथनिएल मार्श या जीवाश्मतज्ज्ञांनीही आपल्या एका प्राण्याला टायटॅनोसॉरस म्हटले होते. लायडेकरांचे नाव आधी छापले गेल्याचे कळल्यावर मार्श यांना आपले नाव बदलून ॲटलांटोसॉरस करावे लागले. जबलपूरच्या दोन मणक्यांनी मार्श यांच्यासारख्या दांडग्या माणसाला माघार घ्यायला लावली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. त्या मणक्यांत लायडेकरांना वेगळे काय दिसले? मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट होती आणि मागची बाजू फुगीर होती. एका मणक्याचा फुगवटा त्याच्या मागच्या मणक्याच्या खळग्यात बसतो, वाटीत लाडू बसावा तसा. लांब मानेच्या डायनोसॉरमध्ये अशी शेपटी तोवर कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे १८७७ साली ती या प्राण्याची खूण म्हणून पुरेशी होती. पुढे जगभर खोदकामे वाढली आणि तसाच सांधा अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, लाओस अशा ठिकाणच्या हाडांतही दिसू लागला. ज्याला त्याला टायटॅनोसॉरस म्हटले गेले, आणि त्या एका नावाखाली तब्बल १४ जाती गोळा झाल्या, ज्या एकत्र धरल्या तर हा एकच प्राणी सहा कोटी वर्षे निम्म्या जगात वावरत होता असे मानावे लागले असते. एखाद्या बोळात 'काळी छत्रीवाले गृहस्थ' एवढ्या खुणेवर माणूस नेमका सापडतो; तीच खूण घेऊन पावसाळ्यात लक्ष्मी रस्त्यावर गेलात, तर कोणाकोणाला थांबवाल?

जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या अभ्यासकांनी २००३ साली या १४ जातींची एकेक करून झडती घेतली, तेव्हा त्यांतील पाचच जाती स्वतःच्या वेगळ्या लक्षणांवर उभ्या राहू शकतात, असे त्यांना आढळले. मूळची जबलपूरची जाती त्या पाचांत नव्हती. तिची खूण आता एका मोठ्या गटाची खूण झालेली होती, त्यामुळे तिच्यावरून एक विशिष्ट प्राणी ओळखता येईना आणि टायटॅनोसॉरस हे नाव बाद ठरले.

डोंगरगावच्या प्राण्याची स्थिती अगदी उलट होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' या नावाने प्रसिद्ध केले होते. त्याची मान, पाठ, कंबर आणि शेपटी यांचे मणके, बरगड्या आणि पुढच्या पायाची हाडे हाती होती. कवटी आणि मागचे पाय तेवढे मिळाले नव्हते. मान तुलनेने आखूड, पुढचे पाय लांब, अशी त्याची स्वतःची ठेवण स्पष्ट दिसत होती. म्हणजे हा प्राणी ओळखू येत होता, पण ज्या नावाखाली तो ठेवला होता ते नाव मोडीत निघाले. म्हणून त्याला नवे प्रजातिनाम, म्हणजे दोन शब्दी शास्त्रीय नावातला पहिला शब्द, मिळाले : आयसीसॉरस. यातील 'आयसी' म्हणजे ज्या संस्थेने ही हाडे खणून काढली त्या कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची इंग्रजी आद्याक्षरे. इजिप्तच्या आयसिस देवीशी त्याचा काही संबंध नाही. (संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनोसॉर का खणावेत, असे काही वाचकांनी विचारले आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत भूविज्ञानाचाही विभाग आहे.) अमेरिकन अभ्यासक एडविन कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ ठेवलेले 'कोल्बर्टी' हे जातिनाम, म्हणजे दुसरा शब्द, नियमाप्रमाणे तसेच राहिले.

तेव्हा चूक कोणाची, असे विचाराल, तर मी कोणाचीच म्हणणार नाही. १९९७ साली उपलब्ध असलेल्या खणात तो प्राणी ठेवला गेला होता. पुढे खणच निकालात निघाला. या कथेची शेपटीही ऐकण्यासारखी आहे. जबलपूरचा मूळ नमुना मधल्या काळात हरवला होता. तो कलकत्त्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, २०१२ साली पुन्हा सापडला. त्याचे नाव बाद झाले असले तरी ज्या मोठ्या गटाला त्याने नाव दिले, तो टायटॅनोसॉर गट आजही त्याच नावाने ओळखला जातो.

प्रश्न : सगळ्यात मोठा डायनोसॉर कोणता? मोबाइलवर बघितले तर प्रत्येक जण वेगळे नाव सांगतो. (इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी, औंध)

उत्तर : तुला मिळालेली वेगवेगळी नावे बहुधा खरीच आहेत, प्रत्येक नावामागे हाडे किती आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

आज ज्यांच्याविषयी भरवशाने बोलता येते, त्यांत अर्जेंटिनाचा पॅटागोटायटन पहिल्या रांगेत आहे. २०१७ साली त्याला नाव मिळाले. किमान सहा प्राण्यांची हाडे एकाच ठिकाणी मिळाल्यामुळे एकाचे उणे ते दुसऱ्याने भरून काढता आले. त्याची लांबी साधारण ३७ मीटर धरतात. पीएमपीची मोठी बस १२ मीटर लांब असते. तशा तीन बसगाड्या एकापुढे एक लावल्या तरी त्याच्या शेपटीचे टोक थोडे बाहेरच राहील. त्याच्या मांडीचे हाड २ मीटर ३८ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे तुझ्या घराच्या दारातून ते उभे धरून आत नेता येणार नाही. वजनाचा आकडा मात्र आधी ६९ टन सांगितला गेला आणि तीनच वर्षांनी तो ५७ टनांच्या आसपास आला. मधल्या काळात प्राणी वाळला नाही. वजन काढण्याची रीत बदलली. पायांच्या हाडांच्या घेरावरून अंदाज केला तर एक उत्तर येते आणि संगणकावर सांगाड्याभोवती शरीर बसवून घनफळ काढले तर दुसरे येते.

अर्जेंटिनोसॉरस हा त्याच देशातला, १९९३ साली नाव मिळालेला. त्याचे हाड प्रथम एका शेतकऱ्याला दिसले, तेव्हा ते झाडाचे दगड झालेले खोड असावे असे त्याला वाटले होते. त्याच्या पाठीचा एक मणका १ मीटर ५९ सेंटिमीटर उंच आहे; तू त्याच्या शेजारी उभा राहिलास, तर कोण उंच हे मोजूनच पाहावे लागेल. पण हाडे थोडीच आहेत, त्यामुळे लांबीचे अंदाज बरेच पुढेमागे होतात.

आता राहिली ती हाडांवाचूनची नावे. १८७८ साली एडवर्ड कोप यांनी अमेरिकेतील एका प्रचंड मणक्याचे वर्णन करून चित्र छापले आणि त्याला ॲम्फिसीलियस फ्रॅजिलिमस म्हटले. 'फ्रॅजिलिमस' म्हणजे अतिशय ठिसूळ. तो मणका नंतर कोणाला दिसलाच नाही. केवळ ते चित्र आणि वर्णन तपासून २०१८ साली त्याला मारापुनीसॉरस असे नवे नाव देण्यात आले. आपल्याकडे तमिळनाडूत कल्लमेडू येथे जवळजवळ दोन मीटर लांबीचे नडगीचे हाड मिळाले आणि त्यावरून ब्रुहत्कायोसॉरस, म्हणजे 'बृहत्काय' सरडा, हे नाव १९८७ साली पुढे आले. आधी तो मांसाहारी गटातला मानला गेला, मग लांब मानेच्या गटात आला. ती हाडे इतकी भुसभुशीत होती, की संग्रहात पोचण्याआधीच त्यांचा चुरा झाला. उरली ती रेखाचित्रे आणि छायाचित्रे. त्यांच्यावरून कोणी त्याला जगातला सर्वांत मोठा ठरवले, तर तू एवढेच विचार : हाड कुठे आहे?

प्रश्न : सॉरोपॉड, डिप्लोडोकॉइड, मॅक्रोनेरिया, टायटॅनोसॉर... या नावांच्या जंगलात वाट सापडत नाही. वर्गीकरण साध्या शब्दांत समजावता येईल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या घरी कुलवृत्तांत असेल, तर काम सोपे होईल. त्यात माणसांची विभागणी उंची किंवा हुद्दा पाहून केलेली नसते. 'अमक्या मूळपुरुषाच्या दुसऱ्या मुलापासून निघालेली शाखा' अशी ती असते, आणि शाखेत पुन्हा उपशाखा असतात. आजचे जीवाश्मांचे वर्गीकरणही असेच चालते. फरक इतकाच, की इथे मूळपुरुषाचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही; वंशजांच्या हाडांत जी नवी लक्षणे सामाईक दिसतात, त्यांच्यावरून शाखा कुठे फुटली ते ताडायचे. जुने लक्षण, जे सगळ्याच भाऊबंदांत आहे, ते शाखा ठरवायला निरुपयोगी असते. टायटॅनोसॉरस हे नाव नेमके याच कारणाने बाद झाले, हे वर आलेच आहे.

डायनोसॉरचे दोन मोठे विभाग हॅरी सीली यांनी १८८७ साली कमरेच्या हाडांवरून केले. त्यांतील सरड्यासारखी कंबर असलेल्या विभागात लांब मानेचे महाकाय आणि दोन पायांवर चालणारे मांसाहारी असे दोन्ही येतात. (पक्षी ज्यांच्यातून निघाले तेही या सरडाकमरी विभागातलेच, पक्ष्यासारख्या कमरेच्या विभागातले नव्हेत, नावे ठेवण्याची घाई झाली की असे होते.) लांब मान, लहान डोके, चार खांबांसारखे पाय आणि लांब शेपटी असलेल्यांना मार्श यांनी १८७८ साली सॉरोपॉड म्हटले.

या सॉरोपॉड घराण्याच्या दोन थोरल्या शाखा आहेत. एक डिप्लोडोकॉइडांची : लांबट मुस्कट, त्याच्या पुढच्या टोकाला पेन्सिलीसारखे बारीक दात, चाबकासारखी निमुळती शेपटी. दुसरी मॅक्रोनेरियांची, या शब्दाचा अर्थ 'मोठ्या नाकपुड्यांचे' असा आहे आणि कवटीतील नाकाची भोके डोळ्यांच्या खोबणीहूनही मोठी असतात. हिच्यात कॅमारासॉरस, पुढचे पाय मागच्यांहून लांब असलेले ब्रॅकिओसॉरसचे कुळ आणि टायटॅनोसॉर येतात. टायटॅनोसॉरांचे पाय शरीराच्या मधल्या रेषेपासून दूर पडत, त्यामुळे त्यांच्या पाऊलवाटा रुंद दिसतात, आणि त्यांच्यातील काहींच्या कातडीत हाडांच्या ढाली होत्या.

भारतातले महाकाय या वंशावळीत सगळीकडे विखुरलेले आहेत. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातले बारापासॉरस आणि कोटासॉरस हे वरच्या दोन थोरल्या शाखा फुटण्याआधीच्या पिढ्यांतले. जैसलमेरला मिळालेला आणि २०२३ साली थारोसॉरस हे नाव मिळालेला प्राणी डिप्लोडोकॉइड शाखेतला. तो सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा असून त्या शाखेतला आजवरचा सर्वांत जुना मानला जातो. डोंगरगावचा आयसीसॉरस आणि जबलपूरचा जैनोसॉरस हे शेवटच्या काळातले टायटॅनोसॉर. यांतला जैनोसॉरस वर उल्लेखिलेल्या सोहनलाल जैन यांच्या नावाचा आहे. त्याचेही आधीचे नाव वेगळे होते. पण आता तो विषय पुन्हा काढत नाही.

प्रश्न : आमच्या लहानपणी पुस्तकात ब्रॉन्टोसॉरस होता. मग तो नव्हताच असे सांगितले. आता नातवंडांच्या पुस्तकात पुन्हा आला आहे. नक्की काय? (एक आजोबा, कर्वेनगर)

उत्तर : आपण तिन्ही वेळा बरोबर वाचलेत. मार्श यांनी १८७७ साली अपॅटोसॉरस आणि १८७९ साली ब्रॉन्टोसॉरस अशी दोन नावे दिली. कोप यांच्याशी त्यांची अशी काही चुरस लागली होती, की अर्धवट सांगाड्यांनाही घाईघाईने नावे दिली जात. १९०३ साली एल्मर रिग्ज यांनी दोन्ही प्राणी एकाच प्रजातीचे असल्याचे दाखवले, आणि आधीचे नाव टिकते या नियमाने ब्रॉन्टोसॉरस हे नाव शास्त्रातून गेले. पुस्तकांतून आणि लोकांच्या तोंडून मात्र ते हलले नाही. २०१५ साली तिघा अभ्यासकांनी या कुळातील ८१ नमुने आणि ४७७ लक्षणे तपासून दोघांमधला फरक स्वतंत्र प्रजाती मानण्याइतका असल्याचा निष्कर्ष काढला. सर्वांना तो मान्य नाही. मला स्वतःला तो पटतो.

त्याच कुळातली आणखी एक हकिकत सांगतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातील अपॅटोसॉरसच्या सांगाड्यावर कॅमारासॉरससारखे, म्हणजे पलीकडच्या शाखेतले, आखूड डोके बसवलेले होते. ते १९७९ साली उतरवून योग्य ते लांबट डोके बसवण्यात आले. आपल्या पुस्तकातल्या ब्रॉन्टोसॉरसचा चेहरा बोथट होता का, ते आठवून पाहा.

प्रश्न : घराच्या पायासाठी खोदताना नारळाएवढे सात-आठ गोल दगड एकाच ठिकाणी निघाले. वरचे कवच सुटते. धार जिल्ह्यात डायनोसॉरची अंडी सापडल्याचे वाचले होते. हीही तीच असतील का? (एक गृहस्थ, धायरी)

उत्तर : आपण त्यांतला एक दगड कार्यालयात आणून दिलात, त्यामुळे अंदाजाने उत्तर देण्याची वेळ आली नाही. त्याबद्दल आभार.

दगड टेबलावर ठेवला तेव्हा वर्तमानपत्रावर तांबूस-पिवळी भुकटी सांडली. बाहेरचा थर नखाने खरवडला तरी निघतो. पुण्यात ज्याला आपण मुरूम म्हणतो तोच हा. त्याखाली दुसरा पापुद्रा, तोही वाकडातिकडा सुटणारा, त्याखाली तिसरा, आणि मध्ये काळा, जड, हातोडीने ठोकल्यावर खणखणणारा गाभा. भिंगातून पाहिले तर त्या गाभ्यात फेल्स्पार या खनिजाच्या बारीक पांढऱ्या काड्या चमकतात. कवचावर आणि गाभ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाकला. दोन्हीकडे बुडबुडा आला नाही.

हा आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. लाव्हा थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि खडकाचे ठोकळे होतात. भेगांतून पाणी झिरपते आणि ठोकळ्याला सर्व बाजूंनी कुजवते. कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळा कांद्यासारखा पापुद्रे सुटणारा गोळा होतो. कात्रजच्या घाटात किंवा टेकड्यांवरच्या जुन्या दगडखाणींच्या कडांना असे गोळे मुरमात रुतलेले दिसतात. एकाच ठिकाणी सात-आठ मिळाले याचे नवल नाही. ते सगळे शेजारशेजारचे ठोकळे होते.

खऱ्या अंड्याचे कवच वेगळे असते. ते कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, असल्यामुळे आम्लाने फसफसते, त्याची जाडी मिलिमीटरभर ते तीनेक मिलिमीटर असते, ते एकच असते, आणि त्याचा छेद भिंगाखाली धरला तर पंख्याच्या आकाराचे स्फटिकांचे खांब एकाला एक लागून उभे दिसतात. धार जिल्ह्यातील बाग-कुक्षी परिसरात २०२३ साली नोंदवलेली ९२ घरटी आणि २५६ अंडी अशीच ओळखली गेली. ती बहुतेक १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत आणि टायटॅनोसॉरांची मानली जातात.

मग ती धारला आणि इथे का नाहीत? ती ज्या थरांत मिळतात, तो लॅमेटा नावाचा शैलसमूह दख्खनच्या लाव्हाच्या खाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. पश्चिम घाटात त्यांची जाडी एक किलोमीटरहून अधिक आहे आणि पुणे त्या जाड भागात बसले आहे. लाव्हाच्या पसाऱ्याच्या कडांना, म्हणजे चंद्रपूर, नागपूर, जबलपूर, धार, बालासिनोर अशा ठिकाणी, हे पांघरूण विरलेले आहे आणि खालचा लॅमेटा डोकावतो. पुण्याच्या दगडात पोकळ्या मिळतात त्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या, आणि त्यांत हाडांऐवजी झिओलाइटचे स्फटिक असतात. वाघोलीच्या खाणींतले कॅव्हान्साइट हे निळे खनिज जगभरच्या संग्रहालयांत आहे; ते अंड्याइतकेच अभिमानाने दाखवता येईल.

अंड्यांचा विषय निघालाच आहे तर गुजरातेतील धोली डुंगरीच्या एका शिळेविषयी सांगायला हवे. धनंजय मोहबे यांनी ती १९८०च्या दशकात शोधली. तिच्यात टायटॅनोसॉरची अंडी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची हाडे असल्याचे तेव्हा मानले गेले. पुढे ती हाडे पुन्हा न्याहाळताना विल्सन यांना त्यांतले काही मणके सापाचे असल्याचे लक्षात आले. साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून, अर्धा मीटर लांबीच्या पिल्लाशेजारी, तसाच गाडला गेला होता. २०१० साली त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. शिळा तीच होती, नीट पाहायला पंधरा-वीस वर्षे लागली.

प्रश्न : हे प्राणी एवढे अवजड, तर ते पाण्यात तरंगून राहत असत हे खरे का? आणि एवढी मान पेलत कशी? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पाण्याची कल्पना जुनी आहे आणि ती सोडून दिलेली आहे. मान वर काढून खोल पाण्यात उभे राहिल्यास पाण्याच्या दाबामुळे छाती फुगवताच येणार नाही, हे केनेथ केरमॅक यांनी १९५१ साली दाखवले. मानेचे उत्तर मणक्यांत आहे. जिराफाप्रमाणे आपल्या मानेतही सातच मणके असतात. चीनच्या मामेंचीसॉरसमध्ये ते १८-१९ होते. असा मणका तुटलेला असेल, तर आत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ भिंती दिसतात. पक्ष्यांप्रमाणे फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या या पोकळ्यांत शिरलेल्या असत. मामेंचीसॉरसच्या एका जातीची मान १५ मीटर असावी, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले; तो हिशेब मात्र मानेचे मोजके मणके, एक बरगडी आणि खालचा जबडा एवढ्यावर, नातेवाइकांच्या प्रमाणावरून मांडलेला आहे.

प्रश्न : डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते असे शिकलो होतो. मग ते खात काय? (कृषी पदवीधर, मांजरी)

उत्तर : मुख्यतः सूचिपर्णी झाडे, नेचे, सायकस आणि शेवटी शेवटी सपुष्प वनस्पती. न चावता ओरबाडायचे आणि गिळायचे, अशी त्यांची रीत होती. दात झिजले की काही आठवड्यांत नवे येत. गवताविषयीचा आपला धडा मात्र आता जुना झाला, आणि तो जुना करणारा पुरावा वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावचा आहे. तिथे शेतांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर दगड झालेली लेंडके मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले, तेही गवताच्या किमान पाच प्रकारांचे. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली त्याच कणांत भाताच्या गोतावळ्यातले गवतही ओळखले गेले. लेंडके नेमकी कोणाची, हे त्यांच्यावर लिहिलेले नसते. सोबतच्या हाडांवरून ती टायटॅनोसॉरांची मानतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील वाचकांना ही बातमी वेगळी गोड लागेल.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा नातू रोज डायनोसॉर दाखवा म्हणून हट्ट करतो. बागेतले सिमेंटचे डायनोसॉर पाहून झाले. खरा सांगाडा जवळपास कुठे पाहायला मिळेल? (एक आजी, बिबवेवाडी)

उत्तर : हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस उभा आहे. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालात, की सकाळी तिथे. कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारापासॉरस आहे. 'बारापा' म्हणजे मोठा पाय, आणि त्याच्या मांडीचे हाडच १ मीटर ७० सेंटिमीटर आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास तो खणला गेला, म्हणून त्याचे जातिनाम 'टागोराय'. पण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कोलकाता दूर पडेल, हैदराबादच बरे.

कोटासॉरस हा या घराण्यातला लहानखुरा, नऊ मीटरांचा, पण नातवाला तो पुरेसा मोठा वाटेल. गडचिरोलीतील सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून त्या थरांना कोटा शैलसमूह म्हणतात आणि त्यावरून याचे नाव आले, हे त्याला सांगा. आपल्या राज्यातल्या गावाचे नाव तिथल्या फलकावर वाचताना मुलांना मजा वाटते. सांगाडा एकाच प्राण्याचा नाही, अनेकांची हाडे जुळवून तो उभा केला आहे, त्यामुळे डाव्या आणि उजव्या पायात काही फरक दिसतो का, हे त्याला शोधू द्या. त्याचे डोके मात्र शेवटी दाखवा. या प्राण्याची कवटी अजून मिळालेली नाही, त्यामुळे तिथे दिसणारे डोके माणसांनी अंदाजाने घडवलेले आहे. आधी त्यालाच विचारा, सगळ्या सांगाड्यात खोटे काय असेल म्हणून.